टाळाटाळीचा हिशेब

कम्फर्ट झोनमधून बाहेर पडा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण तुझा कम्फर्ट झोन नेमका कुठून कुठवर आहे, असं विचारलं तर ज्याचं त्यालाही धड सांगता येत नाही. खरी गोम तिथेच आहे. ही हद्द आपण ठरवून आखलेली नसते. रोजच्या बारीकसारीक टाळाटाळीतून ती आखली जाते, आणि एकदा आखली गेली की ती हद्द वाटेनाशी होते, आपला स्वभाव वाटू लागते. ‘मला चारचौघांत बोलायला आवडत नाही.’ ‘मी मुळातच सावध माणूस आहे.’ यात आवडनिवड किती आणि भीती किती, हे आतून ओळखणं फार अवघड असतं.

एक नेहमीचा प्रसंग जरा जवळून पाहू. कार्यालयातली बैठक संपत आलीय. साहेब विचारतात, “कुणाला काही विचारायचंय?” एका बाईंच्या मनात मघापासून एक प्रश्न घोळतोय. प्रश्न रास्त आहे, त्यांना तो नीट मांडताही येईल. पण साहेबांचे शब्द कानावर पडताच छातीत धडधडायला लागतं, घसा कोरडा पडतो. त्या वहीत मान घालतात. पानावर आधीच लिहिलेल्या तारखेवरून उगाच पुन्हा पेन फिरवतात. काही क्षण कुणीच बोलत नाही. मग कुणीतरी खुर्ची मागे सरकवतं, बैठक संपते, आणि बाईंना एकदम हायसं वाटतं.

या सगळ्या प्रसंगात लक्ष ठेवण्याजोगं काही असेल तर ते हे हायसं वाटणं. गप्प बसलं की बरं वाटतं, असा धडा मेंदूनं एवढ्यात गिरवून घेतलेला असतो. पुढच्या बैठकीत वहीत मान घालणं आणखी थोडं सोपं जाईल. ओ. होबार्ट मॉवरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९४७ साली याची एक मांडणी केली, ती आजही कामाची आहे. त्याचं म्हणणं असं, की भीती जडते एका वाटेनं आणि टिकते दुसऱ्या वाटेनं. एखादी गोष्ट आणि एखादा वाईट अनुभव यांची सांगड बसली की भीती जडते. ती टिकते मात्र टाळण्यामुळे, कारण टाळल्यावर मिळणारी सुटका हेच टाळण्याचं बक्षीस होऊन बसतं.

याचा दुसरा भाग अधिक वाईट आहे. टाळलं की भीती खरी होती की खोटी, हे तपासायची संधीच उरत नाही. प्रयोगशाळेत प्राण्यांना इशारा मिळताच उडी मारून विजेच्या झटक्यापासून वाचायला शिकवलं गेलं. पुढे झटके कायमचे बंद केले, तरी प्राणी इशारा मिळताच उड्या मारतच राहिले. झटका आता येत नाही हे कळायला जागेवर थांबावं लागतं, आणि ते थांबत नव्हते. माणूस यापेक्षा शहाणा असतो असं मानायला मन धजत नाही. दहा वर्षांपूर्वी एकदा कुणीतरी हसलं, म्हणून आजही तोंड न उघडणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहेत.

कारणं मागाहून येतात

त्या बाईंना बाहेर आल्यावर विचारा, प्रश्न का नाही विचारलात? “अहो, सगळ्यांना निघायची घाई होती.” “तितकं महत्त्वाचं नव्हतं.” “मेल करीन की नंतर.” त्या थाप मारत नसतात. त्यांना खरोखरच तसं वाटत असतं. ‘स्वतःला ओळखा’ हा सल्ला इथे अडखळतो, कारण आपण अमुक एक गोष्ट का केली याची कारणं आपल्याला आतून दिसतात, हे गृहीतकच डळमळीत आहे.

रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी केलेली एक साधी पाहणी आहे. टेबलावर नायलॉनच्या मोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारलं, यातला सर्वांत चांगला कोणता? चारही जोड अगदी सारखे होते. तरी सगळ्यांत उजवीकडचा जोड डावीकडच्यापेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडला गेला. कारण विचारल्यावर लोकांनी वीण, पोत, कारागिरी यांची नावं घेतली. जागेचा उल्लेख कुणी केला नाही. जागेमुळे तर निवडला नाहीत ना, असं थेट विचारलं तेव्हा जवळपास सगळ्यांनी ते साफ नाकारलं, आणि विचारणाऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना, अशा नजरेनं पाहिलं.

स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या पेटर योहानसन, लार्स हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली यावर कडी केली. दोन चेहऱ्यांचे फोटो दाखवायचे, त्यातला जास्त आवडलेला निवडायला सांगायचं, आणि मग निवडलेला फोटो हातात देऊन विचारायचं, हा का आवडला? फक्त काही वेळा हातचलाखी करून न निवडलेला फोटो हातात दिला जाई. बहुतेक अदलाबदली लोकांच्या लक्षातच आल्या नाहीत. आणि कारणं? ती तर त्यांनी फडाफड सांगितली. काहींनी जी वैशिष्ट्यं सांगितली ती फक्त हातातल्या, म्हणजे न निवडलेल्या चेहऱ्यातच होती.

याचा अर्थ आपल्याला स्वतःबद्दल काहीच कळत नाही असा नव्हे. या क्षणी भीती वाटतेय, राग आलाय, पोटात गोळा आलाय, हे कळतं. फसगत होते ती ‘का’ या प्रश्नापाशी. तिथे मन वकिलासारखं वागतं: निकाल आधीच लागलेला असतो, त्याला शोभेल असा युक्तिवाद तेवढा ते उभा करतं. टाळाटाळीला तर सभ्य, प्रतिष्ठित कारणांचा तोटाच नसतो. ‘आत्ता योग्य वेळ नाही’, ‘आधी पूर्ण तयारी होऊ दे’, ‘लोकांना त्रास नको’. कधीकधी ही कारणं खरीही असतात, म्हणून तर ती इतकी खपतात.

म्हणून आत्मभान म्हणजे डोळे मिटून अंतरंगात शिरणं, ही समजूत मला अपुरी वाटते. आत शिरणं आणि आत अडकणं यात फरक आहे. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्बेल या संशोधकांनी १९९९ मध्ये हे दोन प्रकार नीट वेगळे करून दाखवले. कुतूहलापोटी स्वतःकडे पाहणं हा एक प्रकार, आणि धास्तीपोटी तेच ते उगाळत बसणं हा दुसरा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, दोन्हींत माणूस स्वतःविषयीच विचार करत असतो. पण उगाळण्याची सांगड औदासीन्याशी आणि काळजीशी आहे. ‘मी असा का आहे?’ हा प्रश्न रात्री तिसऱ्यांदा पडला असेल तर तो आत्मशोध नसण्याचीच शक्यता जास्त. दिवा मालवून झोपावं हे बरं.

त्यापेक्षा सोपा आणि बराच प्रामाणिक मार्ग म्हणजे स्वतःकडे परक्या माणसासारखं बघणं. मनात काय आहे ते सोडा, हातून काय घडलं ते पाहा. कोणता मेल अर्धवट लिहून पडलाय? कुणाचा फोन आला की ‘नंतर करू’ असं होतं? कुठल्या विषयावर आपण हटकून विनोद करून वेळ मारून नेतो? कोणतं काम सुरू करायचं म्हटलं की टेबल आवरायची सुरसुरी येते? आठवडाभर याची चार ओळींची नोंद ठेवली तरी पुरे: प्रसंग कोणता, मी काय केलं, अंगात काय जाणवलं, आणि टाळल्यावर कसं वाटलं. ‘का’ हा रकानाच ठेवू नये.

शेवटची ओळ सगळ्यांत बोलकी ठरते. जी गोष्ट खरोखर आवडत नाही ती सोडून दिल्यावर माणूस ती विसरून जातो. भीतीपोटी टाळलेल्या गोष्टीचं तसं होत नाही. आधी हायसं वाटतं, आणि तासाभरानं कुठेतरी चुटपुट लागते. ही माझी ढोबळ कसोटी आहे, शास्त्राचा नियम नव्हे. पण आवड आणि भीती वेगळी काढायला तिचा उपयोग होतो.

दुसऱ्यांना विचारण्याचा मार्गही आहेच, फक्त काय विचारायचं हे ठाऊक हवं. सिमीन वझीर यांनी २०१० मध्ये यावर अभ्यास केला. मनातली अस्वस्थता, धाकधूक अशा गोष्टींत ज्याचा त्याचाच अंदाज अधिक खरा निघाला. हुशारी, कल्पकता अशा गोष्टींत मात्र मित्रांचा अंदाज सरस ठरला, कारण तिथे आपला अहंकार मध्ये येतो. तेव्हा ‘मला भीती वाटते का?’ हे मित्राला विचारण्यात अर्थ नाही. ‘मला हे जमेल असं तुला वाटतं का?’ हे जरूर विचारावं. अनेकदा उत्तर ऐकून आश्चर्य वाटतं.

पिंजरा थोडा जवळ

एवढं झाल्यावर हद्द दिसू लागते. मग ती ओलांडायची कशी? इथे लोकप्रिय सल्ला असतो थेट उडी मारण्याचा. ज्याची भीती वाटते तेच करा, आजच करा, मोठं करा. ऐकायला हे मर्दुमकीचं वाटतं. पण भीतीवरच्या उपचारांचा इतिहास जिथून सुरू होतो, तिथली गोष्ट अगदी उलटी आहे.

मेरी कव्हर जोन्स या तरुण संशोधिकेनं १९२४ मध्ये पीटर नावाच्या जेमतेम तीन वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. पीटर सशाला भ्यायचा. तिनं काय केलं, तर पीटर खेळत असताना ससा पिंजऱ्यात घालून खोलीत ठेवला, लांब. सोबत सशाला न भिणारी दुसरी मुलं असायची. पुढे पीटरला आवडीचा खाऊ देताना पिंजरा दर वेळी थोडा जवळ आणला जाई. बारा फुटांवर चालला, मग चार फुटांवर, मग तीन. पुढे ससा पिंजऱ्याबाहेर, खोलीत मोकळा. मग पीटर त्याला हात लावू लागला, आधी तो कुणाच्या तरी हातात असताना. शेवटी ससा पीटरची बोटं कुरतडत होता आणि पीटर ती कुरतडू देत होता.

मधे एकदा पीटरला स्कार्लेट फीव्हर झाला आणि दोनेक महिने त्याचं येणं बंद पडलं. रुग्णालयातून निघताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, आणि सगळी कमाई धुऊन निघाली. भीती होती तिथे परत. जोन्सबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ही बाब मला फार मोलाची वाटते. आज मानसशास्त्रज्ञ असं मानतात की भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी ‘इथे काही होत नाही’ असं एक नवं शिक्षण उभं राहतं. जागा बदलली, काळ लोटला, धक्का बसला की जुनं पुन्हा डोकं वर काढू शकतं. म्हणून ओळखीच्या सभागृहात झकास बोललेला माणूस नव्या सभागृहात लटपटतो, तेव्हा तो मागे गेलेला नसतो. नवं शिक्षण त्या जागी अजून पोचलेलं नसतं एवढंच. त्यासाठी सराव वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या माणसांपुढे करावा लागतो.

जाता जाता एका आलेखाविषयी. थोडा ताण असला की काम उत्तम, कमी झाला की सुस्ती, जास्त झाला की घसरण, अशी उलट्या यू अक्षराची वक्ररेषा व्यक्तिमत्त्व विकासाच्या प्रत्येक शिबिरात दाखवली जाते आणि रॉबर्ट यर्किस व जॉन डॉडसन यांच्या नावावर खपवली जाते. त्या दोघांचा १९०८ सालचा प्रयोग होता उंदरांवर. चुकीच्या दारात शिरलं की झटका, एवढाच मामला. त्यात असं दिसलं की दोन दारांतला फरक सहज कळण्याजोगा असेल तर जोरदार झटक्यानं उंदीर लवकर शिकत. फरक बारीक असेल तर मात्र मध्यम झटका बरा पडे, जोरदार झटक्यानं शिकणं लांबे. माणसाच्या आयुष्याबद्दल त्यातून फार काही काढू नये. तरी अवघड गोष्ट शिकताना धाक वाढवून उपयोग नाही, हे इतर अनुभवांशीही जुळतं.

अंदाज आधी लिहून ठेवा

लहान पायरी निवडली तरी एक मोठी चूक होऊ शकते. माणूस दात-ओठ खाऊन ती गोष्ट करून टाकतो, ‘सुटलो’ म्हणतो, आणि काहीच शिकत नाही. असं दहादा केलं तरी भीती जिथल्या तिथे. मिशेल क्रास्क या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं, की भीतीच्या प्रसंगाला सामोरं जाण्याचा खरा फायदा होतो तो आपला अंदाज खोटा ठरल्यामुळे. अपेक्षा एक होती, घडलं दुसरंच, ही तफावत जितकी ठळक तितकं नवं शिक्षण पक्कं.

मग अंदाज आधी स्पष्ट हवा. ‘काहीतरी वाईट होईल’ हा अंदाज नव्हे, तो कधी खोटाच ठरत नाही. ‘मी प्रश्न विचारला तर निदान दोघं हसतील आणि साहेब वैतागतील’, हा अंदाज. तो कागदावर लिहावा, शक्य तर किती टक्के खात्री आहे तेही. नंतर काय घडलं ते त्याच्या शेजारी लिहावं. कागद यासाठी, की आपली स्मरणशक्ती लबाड आहे. नीट पार पडलं की ती म्हणते, ‘मला माहीतच होतं.’

चारचौघांच्या नजरेविषयीचे आपले अंदाज तर हमखास फुगलेले असतात. टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली काही विद्यार्थ्यांना बॅरी मॅनिलो या गायकाचं चित्र असलेला, त्यांच्या मते लाजिरवाणा टीशर्ट घालून खोलीभर मुलांपुढे पाठवलं. साधारण निम्म्यांच्या तरी तो लक्षात येईल, असं टीशर्ट घालणाऱ्यांना वाटलं. प्रत्यक्षात चौथाई मुलांनीच ओळखला.

अंदाज तपासताना कुबड्याही बाजूला ठेवाव्या लागतात. बोलताना शब्दन् शब्द वाचून काढणं, नजर न मिळवणं, बोलायच्या आधीच ‘मला फारसं कळत नाही, पण…’ अशी माफी मागून ठेवणं, या सगळ्या कुबड्या. त्यांनी प्रसंग निभावतो, पण श्रेय त्यांच्याच खात्यात जमा होतं. ‘कागद होता म्हणून वाचलो’ असं मन म्हणतं आणि मूळ अंदाज शाबूत राहतो. सगळ्या एकदम टाकू नयेत. एकेक टाकावी.

आणि भीती वाटत असताना तिच्याविषयी करायचं काय? दाबायची? दुसरीकडे लक्ष वळवायचं? कॅथरिना किर्कान्स्की, मॅथ्यू लिबरमन आणि क्रास्क यांचा २०१२ मधला एक अभ्यास इथे उपयोगी पडतो. कोळ्याची भीती असलेल्या लोकांना जिवंत, मोठ्या कोळ्याजवळ नेलं गेलं. एका गटानं मनात जे चाललंय ते जसंच्या तसं शब्दांत सांगायचं होतं: कोळी किळसवाणा आहे, तो अंगावर उडी मारेल अशी भीती वाटतेय, वगैरे. दुसऱ्या गटानं कोळ्याकडे निरुपद्रवी म्हणून पाहायचं, तिसऱ्यानं भलत्याच विषयावर बोलायचं, चौथ्यानं नुसतंच सामोरं जायचं. आठवड्यानंतर पुन्हा कोळ्यापुढे उभं केलं, तेव्हा भीतीला नाव देणाऱ्या गटाच्या तळहातांना सुटणारा घाम, म्हणजे शरीराची धास्ती मोजायचं एक माप, इतरांपेक्षा कमी निघालं. ज्यांनी भीतीचे शब्द अधिक वापरले त्यांच्यात घट जास्त होती.

आत्मभान आणि हद्द ओलांडणं या दोन वेगळ्या पायऱ्या नाहीत, असं मला वाटतं ते यामुळे. आधी महिनोन् महिने स्वतःला ओळखा आणि मग धाडस करा, असा क्रम लावला की ओळखणं हीच एक नवी पळवाट होते. उलट, ज्या क्षणी पाय लटपटत असतात त्या क्षणी ‘मला भीती वाटतेय, ही हसं होण्याची भीती आहे’ एवढं म्हणता येणं, हेच आत्मभान. खुर्चीत बसून ते मिळत नाही.

अवघडलेपणाकडे पाहण्याची दृष्टीही बदलता येते. केटलिन वूली आणि आयलेट फिशबाख यांनी शिकागोतल्या, ऐनवेळी सुचेल तसं सादर करायच्या नाट्यवर्गांत काही विद्यार्थ्यांना सांगितलं, की आज अवघडल्यासारखं वाटणं हेच तुमचं उद्दिष्ट आहे. ते विद्यार्थी इतरांपेक्षा जास्त वेळ टिकून राहिले आणि त्यांनी अधिक धोकेही पत्करले. हा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अवघडलेपण हे चुकतंय याचं लक्षण न मानता काम सुरू झाल्याची खूण मानलं की ते सोसणं सोपं जातं, असा त्याचा सरळ अर्थ.

मात्र प्रत्येक हद्द ओलांडण्यासाठी नसते. काही भीती खऱ्या असतात. अपमान करणाऱ्या माणसापासून लांब राहणं ही टाळाटाळ नव्हे. शरीर थकलेलं असताना, घरात आजारपण असताना, नुकतंच कुणी गेलेलं असताना नवी आव्हानं अंगावर घेण्यात काही शहाणपण नाही. आणि भीतीमुळे झोप उडाली असेल, कामावर जाणं बंद झालं असेल, जुन्या आघाताच्या आठवणी पुन्हापुन्हा उसळत असतील, तर वहीपेन्सिलीचे प्रयोग पुरे करून मानसोपचारतज्ज्ञाकडे जावं. तिथे हेच काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली होतं.

सरावानंतर आणखी एक शक्यता असते, तिच्याविषयी कुणी फारसं बोलत नाही. भीती ओसरते आणि तरीही ती गोष्ट आवडत नाही. वर्षभर झटून व्यासपीठावर निर्धास्त उभा राहू लागलेला एखादा माणूस सांगतो, की भाषणं करण्यात मला काडीचाही रस नाही. खुशाल सोडून द्यावीत त्यानं.